आरोग्याच्या पैशाचा अपहार : कायदा काय सांगतो आणि आपल्या हाती काय आहे



आपल्या त्रैमासिकात आपण नेहमी वस्त्यांवरच्या कामाच्या बातम्या वाचता. या वेळी एक वेगळा विषय घेतला आहे. गोरगरिबांच्या औषधपाण्यासाठी, बाळंतपणासाठी, मुलांच्या पोषणासाठी आलेला पैसा मधल्यामध्ये कोणी खाल्ला, तर कायद्याच्या दृष्टीने तो कोणता गुन्हा ठरतो? त्याचा खटला कोण चालवतो? आणि आपल्यासारख्या सामान्य माणसांनी काय करावे? आपल्यापैकी अनेकांनी हे प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन वस्त्या, दोन पासबुके

पावसाळ्याच्या सुरुवातीला भोकरदन तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर आमचा कार्यकर्ता गेला, तेव्हा तिथले वातावरण तापलेले होते. एका बाळंतीण बहिणीला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पैसा मिळाला नव्हता. या योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत मिळून पाच हजार रुपये मिळतात. फॉर्म आशाताईंनी भरून घेतला होता, म्हणून पैसेही आशाताईंनीच खाल्ले असे वस्तीने ठरवून टाकले. दोघेजण त्यांच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलून आले. त्यानंतर आशाताईंनी वस्तीवर पाऊल टाकले नाही, आणि त्या महिन्यात वस्तीतल्या लेकरांचे लसीकरण चुकले.

कार्यकर्त्याने त्या बहिणीला घेऊन बँक गाठली. तिच्या पासबुकात पैसे नव्हते. पण थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. तिचे आधार कुठे जोडले आहे ते पाहिले, तेव्हा शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी माहेरी उघडलेले एक जुने खाते निघाले. ते ती विसरूनही गेली होती. पैसे तिथे पडून होते. कोणीही काही खाल्ले नव्हते. आशाताईंच्या दारात जे बोलले गेले, ते मात्र परत घेता आले नाही.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका वस्तीवर उलटा अनुभव आला. तिथल्या एका बहिणीला सरकारी दवाखान्यातील बाळंतपणाबद्दल जननी सुरक्षा योजनेचे सातशे रुपये मिळायचे होते. गावातल्या पैसे काढून देणाऱ्या केंद्रावर तिने अंगठा लावला. मशीन चालत नाही, पुढच्या आठवड्यात या, असे सांगून तिला परत पाठवले. पावती दिली नाही. तीन वेळा हेलपाटे झाले. आमच्या ताईंनी तिचे पासबुक बँकेतून भरून आणले, तेव्हा पहिल्याच दिवशी सातशे रुपये काढल्याची नोंद निघाली. पासबुक समोर ठेवताच केंद्रचालकाने पैसे काढून दिले. वर म्हणाला, "चुकून झालं." त्या बहिणीने आम्हाला विचारले, "ताई, पैसे मिळाले ना, मग आता तक्रार कशाला? उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचंय."

एका वस्तीत चोरी झालीच नव्हती, तरी एक जण चोर ठरला. दुसरीत चोरी झाली होती, तरी चोर कोणी ठरला नाही. दोन्ही ठिकाणी खरे काय ते पासबुकाने सांगितले. पुढे ज्या मोठ्या प्रकरणांची माहिती देत आहोत, त्यांतही हेच दिसेल. असा खटला कागदावर उभा राहतो, आणि त्यातला पहिला कागद लाभार्थ्याच्याच घरात असतो.

चोरी, अपहार आणि फसवणूक

बोलताना आपण सगळ्याला "पैसे खाल्ले" म्हणतो. कायदा मात्र त्यात फरक करतो.

दवाखान्याच्या भांडारातून कोणी बाहेरच्या माणसाने औषधांची खोकी पळवली, तर ती चोरी. पण ज्याच्या ताब्यात भांडाराची किल्ली विश्वासाने दिली होती, त्यानेच ती औषधे बाहेर विकली, तर तो अपहार, म्हणजे कायद्याच्या भाषेत "फौजदारी न्यासभंग". न झालेल्या शस्त्रक्रियेचे बिल योजनेकडे पाठवून पैसे घेतले, तर ती फसवणूक. त्यासाठी खोटा केसपेपर तयार केला, तर ती बनावट दस्तऐवजाची बाब. नोंदवही मागाहून बदलली, तर हिशेबाचे खोटेकरण. एका प्रकरणात यांतील तीन-चार गुन्हे एकत्र लागू शकतात.

या सर्वांत एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते. ती म्हणजे अप्रामाणिक हेतू. पैसे उशिरा आले, अर्जात नाव चुकले, अनुदानच वरून आले नाही, हा हलगर्जीपणा असेल, गैरसोय असेल, पण अपहार नव्हे. पहिल्या वस्तीतली चूक इथेच झाली. म्हणून कोणावर बोट ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. पैसे मंजूर झाले का? कोणत्या खात्यात गेले? तिथून कोणी काढले? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये.

कोणता कायदा, किती शिक्षा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, त्यामुळे न्यायालयांत अजून दोन्हींची कलमे ऐकू येतात.

सरकारी नोकर, बँकर किंवा एजंट या नात्याने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केला, तर जुन्या संहितेचे कलम ४०९ आणि नव्या संहितेचे कलम ३१६ (५) लागू होते. शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. इतकी कडक शिक्षा ठेवण्याचे कारण उघड आहे. ज्याच्यावर विश्वास टाकला, त्यानेच घात केला. फसवणूक करून मालमत्ता उकळली, तर सात वर्षांपर्यंत कारावास. हे जुन्या संहितेचे प्रसिद्ध कलम ४२०, आता ३१८ (४).

याशिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ आहे. लोकसेवकाने आपल्याकडे सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे वापरली, तर कलम १३ खाली किमान चार आणि कमाल दहा वर्षे कारावास होतो. लाच घेतल्यास कलम ७ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षे. हे खटले विशेष न्यायाधीशांपुढे चालतात आणि शक्यतो दोन वर्षांत निकाली काढावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे. खटला भरण्यापूर्वी वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात द्यावी असे कायदा म्हणतो. अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची असेल, तर २०१८ पासून आधी परवानगीही लागते. लाच घेताना रंगेहाथ पकडले असेल, तर तिची गरज नाही.

अमेरिकेत आरोग्य योजनांतील चोरी आणि अपहार यांसाठी वेगळे केंद्रीय कलमच आहे. १९९६ च्या कायद्याने ते आणले. योजना सरकारी असो की खासगी, तिचा पैसा किंवा मालमत्ता कोणी जाणूनबुजून चोरली वा वळवली, तर दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रक्कम शंभर डॉलरपर्यंत असली तरी एक वर्षापर्यंत शिक्षा आहेच. आपल्याकडे आरोग्यासाठी असे एकच कलम नाही. वर सांगितलेली निरनिराळी कलमे जोडून खटला उभा करावा लागतो. त्यामुळे तपास नीट झाला तर आरोपी चारी बाजूंनी अडकतो, आणि कागद अपुरे राहिले तर तेवढ्याच फटींतून निसटतो.

पैसे परत केले तर गुन्हा मिटतो का?

दुसऱ्या वस्तीतल्या बहिणीच्या प्रश्नाकडे परत येऊ. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. अपहाराच्या कलमाखालीच असे स्पष्टीकरण दिले आहे की थोड्या काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच आहे. उद्या भरतो म्हणून आज योजनेचे पैसे वापरले, तपासणी आली तेव्हा भरून टाकले, तरी गुन्हा घडून गेलेला असतो. परतफेडीचा विचार शिक्षा ठरवताना होऊ शकतो, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही.

हे आम्ही त्या बहिणीला समजावून सांगितले, पण तिच्यावर जबरदस्ती केली नाही. सातशे रुपयांसाठी गावातल्या माणसाशी वैर घेणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. आपण मात्र एवढे लक्षात ठेवावे की एका बाईला परत मिळालेल्या सातशे रुपयांमागे न विचारलेल्या दहा बाया असू शकतात. त्यांची पासबुके कोणी भरून आणलेली नसतात.

केंद्राची यंत्रणा केव्हा येते?

पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही आपल्या राज्यघटनेत राज्यांचे विषय आहेत. म्हणून अपहाराचा तपास साधारणपणे राज्याचे पोलीस, त्यांची आर्थिक गुन्हे शाखा किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, १९४६ च्या कायद्याखाली चालते आणि राज्यात तपास करायला तिला राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली होती आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा दिली. मात्र उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय राज्याच्या संमतीशिवायही सीबीआयला तपास देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

आरोग्य क्षेत्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण उत्तर प्रदेशातील आहे. खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवा सुधारण्यासाठी एप्रिल २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले. आशा कार्यकर्ती, उपकेंद्रांना निधी, सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी मदत, हे सर्व याच अभियानातून आपल्या वस्त्यांपर्यंत आले. उत्तर प्रदेशात या अभियानासाठी हजारो कोटी रुपये आले आणि औषधे, उपकरणे, इमारतींची दुरुस्ती यांच्या खरेदीत व कंत्राटांत मोठे गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले. १३४ रुग्णालयांच्या दर्जावाढीचे काम हे त्यांपैकी एक.

या प्रकरणाने माणसांचे जीवही घेतले. ऑक्टोबर २०१० मध्ये लखनौच्या एका मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना सकाळी फिरायला गेले असता गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांचा एप्रिल २०११ मध्ये तसाच खून झाला. जूनमध्ये अटकेतील एक उपमुख्य वैद्यकीय अधिकारी तुरुंगात मृतावस्थेत आढळले. नोव्हेंबर २०११ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने संपूर्ण अभियानातील खर्चाचा तपास सीबीआयकडे सोपवला. मार्च २०१२ मध्ये एका माजी मंत्र्यांना अटक झाली. पुढे वरिष्ठ सनदी अधिकारीही आरोपी झाले, आणि या पैशाचा माग काढण्यासाठी अंमलबजावणी संचालनालयानेही स्वतंत्र कारवाई केली.

त्या राज्यात ज्या बाईला बाळंतपणात रक्ताची बाटली मिळाली नाही, तिचे नाव कोणत्याही आरोपपत्रात नसते. आरोपपत्रात निविदा, बिले आणि कोट्यवधींचे आकडे असतात. अपहाराच्या खटल्यात खरा पीडित दिसत नाही, म्हणूनच समाजाला या गुन्ह्याचा राग कमी येतो. सभासदांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रात

आपल्या राज्यातले एक प्रकरण आरोग्य खात्याचे नाही, आदिवासी विकास विभागाचे आहे. पण आपण ज्यांच्यात काम करतो त्यांच्याच हक्काचा तो पैसा असल्यामुळे ते माहीत असायला हवे.

२००४ ते २००९ या काळात आदिवासी कुटुंबांना इंजिने, पाइप, गॅस शेगड्या यांसारख्या वस्तू देण्याच्या योजनांत गैरव्यवहार झाल्याची तक्रार जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने २०१७ मध्ये कित्येक खंडांचा अहवाल दिला. त्या अहवालावर काय कारवाई करावी हे सुचवण्यासाठी सरकारने निवृत्त सनदी अधिकारी करंदीकर यांची आणखी एक समिती नेमली. गुन्हे नोंदवायला विलंब का होतो, असे न्यायालयाला विचारावे लागले. त्यानंतर वेगवेगळ्या जिल्ह्यांत गुन्हे दाखल होत गेले.

वर्षे मोजून पाहा. २००४ मध्ये ज्या शेतकऱ्याच्या नावावर इंजिन निघाले, त्याच्याकडे चौकशी पोहोचेपर्यंत दहा वर्षे आणि अधिक काळ गेला. तेवढ्यात माणसे स्थलांतर करतात, वारतात, अंगठा कोणी कशावर घेतला ते विसरतात. अशा वेळी टिकतो तो कागद. ज्याने त्या वेळी "वस्तू मिळाली नाही" असा साधा अर्ज देऊन त्याची पोच घेतली असेल, त्याच्या शब्दाला दहा वर्षांनीही वजन राहते.

कागदावरचे रुग्ण

आता व्यवहार संगणकावर आले, म्हणून अपहार थांबला असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्ह्यातून बातमी आली की पासष्ट वर्षांच्या एका वृद्ध महिलेने चौदा महिन्यांत आठ मुलींना जन्म दिल्याची सरकारी नोंद आहे. प्रत्येक "बाळंतपणाची" मदत तिच्या खात्यात येऊन निघूनही गेली होती. त्या आजीला याचा पत्ताच नव्हता.

आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात दाखवून दिले की जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर होती. तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. आधीच मृत म्हणून नोंद असलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याचेही त्यात नमूद आहे. लाभार्थ्याची ओळख मोबाइल क्रमांकावरून पटवली जात नाही, असा खुलासा सरकारने केला. तो ध्यानात घेतला तरी एक गोष्ट राहते. लाभार्थ्याचा स्वतःचा क्रमांक नोंदलेला नसेल, तर त्याच्या नावावर काय उपचार दाखवले आणि किती पैसे निघाले, याचा संदेश त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. संगणकाच्या काळात आपला मोबाइल क्रमांक बरोबर नोंदवणे हे पासबुक सांभाळण्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

आपण काय करू शकतो

जालना जिल्ह्यात आदिवासींची संख्या लोकसंख्येच्या सुमारे दोन टक्के आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीसारखे इथे स्वतंत्र लक्ष नसते. वस्त्या विखुरलेल्या आहेत आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात. त्यामुळे त्यांच्या नावावर काय येते-जाते यावर नजर ठेवणारा शेजारी आपणच व्हायला हवे. त्यासाठी वकील असण्याची गरज नाही.

पहिले काम, कागद जमवणे. पासबुक दर महिन्याला भरून घ्यावे. अंगठा लावला की पावती मागावी. मशीन चालले नाही असे सांगितले, तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि बँकेत नोंद तपासावी. माता-बाल संरक्षण कार्ड, दवाखान्यातून सुटी मिळाल्याचा कागद आणि केसपेपर एका पिशवीत ठेवावेत.

दुसरे, माहिती मागणे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. गावातील आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दरवर्षी दहा हजार रुपयांपर्यंत निधी मिळतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी दवाखान्यांना गुणपत्रके दिली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. औषधे बाहेरून आणायला सांगणे, बेकायदा पैसे मागणे अशा गोष्टी तिथे उघडपणे बोलल्या गेल्या. हे शहाणपण आपल्यालाही वापरता येईल.

तिसरे, योग्य दारात तक्रार करणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार रोख पैसे न भरता मिळायला हवेत. योजनेतील रुग्णालयाने त्याच उपचारासाठी पैसे मागितले, तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला सांगावे आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कोणी लाच मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे. लाच नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. हे पुष्कळांना माहीत नसते आणि भीतीने ते गप्प बसतात.

अपहाराची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत मात्र आधी प्राथमिक चौकशीला मुभा आहे. अहवालाची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे, आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

तक्रार लिहिताना ऐकीव गोष्टी लिहू नयेत. कोण, कधी, कुठे, किती रक्कम, कोणता कागद सोबत जोडला, एवढेच लिहावे. अमका माणूस चोर आहे असे लिहिण्याऐवजी अमक्या तारखेला माझ्या खात्यातून सातशे रुपये निघाले आणि ते मला मिळाले नाहीत, असे लिहावे. चोर कोण, ते तपासाने ठरू द्यावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

हा कायदा आपल्यालाही लागू आहे

शेवटी आपल्या घराकडे पाहू. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात "लोकसेवक" म्हणजे फक्त सरकारी नोकर नव्हे. शासनाकडून कोणतेही आर्थिक साहाय्य घेणाऱ्या वा घेतलेल्या शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा इतर संस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारीही त्या व्याख्येत येतात. म्हणजे एखाद्या मिशनरी दवाखान्याने किंवा वसतिगृहाने सरकारी अनुदान घेतले, तर तिथला हिशेबनीस हाही कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक ठरू शकतो. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाला १९५० च्या अधिनियमानुसार हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयाला सादर करावे लागतात. परदेशातून देणगी येत असेल, तर तिच्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळे बँक खाते असते.

"आपलेच लोक आहेत, हिशेब काय मागायचा?" असे मंडळ्यांमध्ये कधी कधी ऐकू येते. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने मात्र असे म्हटले नाही. ती रक्कम नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे सोबत घेतली. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार नीट दिसावा, ही त्याची काळजी होती. बारा शिष्यांतही थैली सांभाळणारा एक जण त्यातून काढून घेत असे, हे शुभवर्तमान लपवत नाही. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला खोट्या आरोपापासून वाचवणारी ती भिंत आहे. त्या आशाताईंना अशीच भिंत हवी होती.

म्हणून आपण आमच्याकडेही हिशेब मागावा अशी आमची विनंती आहे. आपण दिलेले धान्य, औषधे आणि पैसे कोणाला पोहोचले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे आणि सांगण्याचे आमचे कर्तव्य आहे.

पहिल्या वस्तीवर आशाताई पुन्हा येऊ लागल्या आहेत. ते दोघेजण त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आले आणि राहिलेल्या मुलांचे लसीकरण पुढच्या महिन्यात झाले. दुसऱ्या वस्तीतल्या बहिणीने अजून तक्रार दिलेली नाही. पण बाजाराच्या दिवशी भोकरदनला आली की ती आता बँकेत जाऊन पासबुक भरून घेते. गेल्या खेपेला तिच्या हातात शेजारच्या चार बायांचीही पासबुके होती.